पावतीच्या आधी मास्क

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देत आहेत एक निवृत्त आरोग्य सेविका, यवतमाळ जिल्हा

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी कापूस-तुरीचा शेतकरी, वय ५४. एप्रिल २०२१ मध्ये बाजारातून ढेप घेऊन बंडीवर एकटाच परत येत होतो. दुपट्टा गळ्यात होता, तोंडाला बांधलेला नव्हता. फाट्यावर पथकानं बंडी थांबवली अन् पाचशेची पावती फाडली. ढेप उधारीत आणली होती, दंड मात्र नगद द्यावा लागला. त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी एका सभेत माणसाला माणूस घासून बसला होता, तिथं कोणी पावतीबुक काढलं नाही. आता माझा मेव्हणा मोबाईलवर दाखवतो, मास्कचा काडीचा उपयोग नव्हता असं जगातल्या मोठ्या अभ्यासात निघालं म्हणून. परवा ग्रामसभेत विषय निघाला : पुन्हा साथ आली तर मास्क नाही त्याला दंड, असा ठराव आताच करून ठेवायचा. मी विरोध केला, मास्तर बाजूनं बोलले, आवाज चढले. सक्ती बरोबर की चूक, तुम्हीच सांगा.

उत्तर : भाऊ, बंडीवर एकट्या बसलेल्या माणसाला मास्कची गरज नव्हती, हे आधी सांगून टाकते. उघडा रस्ता, वारा, सोबतीला दोन बैल. केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशात सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकणं बंधनकारक झालं, आणि रस्ता म्हणजे सार्वजनिक ठिकाण. त्या हिशेबानं पावती फाटली. पण त्या पाचशे रुपयांनी गावात एकाचाही ताप टळला नाही. तुमचा राग खरा आहे. फक्त तो मास्कवर काढू नका, एवढं माझं ऐका.

तुमच्या घरी चूल असेलच. दार-खिडकी लावून ओल्या पऱ्हाट्या पेटवा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत धूर खोलीत कोंडतो. चूल विझली तरी अर्धा तास वास जात नाही. त्याच पऱ्हाट्या वावरात पेटवा, चार हातांवर उभ्या माणसाला त्रास होत नाही. कोरोनाचा विषाणू बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक थेंबांतून बाहेर पडतो, आणि त्यातले सगळ्यात बारीक थेंब या धुरासारखेच बंद खोलीत तरंगत राहतात. म्हणून मास्क हवा की नको, हे खोली किती बंद आहे, माणसं किती आहेत आणि किती वेळ बसणार आहेत यावरून ठरवायचं.

आमच्या नियमानं हे उलटं करून ठेवलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये माझ्या उपकेंद्राच्या एका गावात साक्षगंध होतं. मी लसीकरणाच्या याद्या घेऊन गेले होते. अंगणात मांडवाखाली सगळ्यांच्या तोंडाला मास्क, दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन पोरगा उभा. आत बैठकीच्या खोलीत पाहिलं तर खिडक्यांना नवे पडदे, पंखा बंद, चाळीसेक माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली आणि फोटोसाठी सगळ्यांचे मास्क खिशात. नवरीच्या आजीला कमी ऐकू येतं, म्हणून जो तो तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलत होता. मी म्हटलं, "आजीला बाहेर खाटेवर बसवा." घरच्यांना ते अपमानाचं वाटलं. आठवडाभरात त्या घरातली माणसं एकामागून एक तपासणीच्या रांगेत दिसू लागली. आजी वाचली, पण पुढे तिला अंगणातून घरात चालत जाणंही जमेना. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली. पुढं ज्याला डेल्टा नाव मिळालं तो विषाणू आपल्या विदर्भातल्या नमुन्यांमध्ये तेव्हा दिसत होता.

माझी एक चूकही सांगते, कारण मास्कवरून लोकांचा विश्वास उडाला त्यात तिचा वाटा आहे. मार्च २०२० मध्ये मी घरोघरी सांगत फिरले की ज्याला खोकला नाही त्याला मास्क नको. वरून तशीच सूचना होती. तेव्हा मास्क कमी होते, दवाखान्यातल्यांनाच पुरत नव्हते. एप्रिल लागताच सूचना आली, घरी शिवलेला का होईना, सगळ्यांनी लावा. जागतिक आरोग्य संघटनेनंही ५ जून २०२० ला आपला सल्ला बदलला आणि तीन पदरी कापडी मास्क सुचवला. एका म्हाताऱ्या काकाजींनी मला दारातच धरलं : "बाई, मांगच्या महिन्यात नोको म्हने, आता पायजे म्हने. कोनतं खरं मानू?" मी तेव्हा म्हटलं, वरचा आदेश आहे. मी म्हणायला हवं होतं की काकाजी, मागच्या महिन्यात आम्हाला कमी माहीत होतं. लक्षण नसलेला माणूसही रोग देतो हे आता कळलं, म्हणून सांगणं बदललं. हे त्यांना समजलं असतं. पेरणीचा बेत पाऊस पाहून बदलणाऱ्या माणसाला नक्की समजलं असतं.

आता मेव्हण्याच्या मोबाईलकडे वळू. तो दाखवतो तो बहुधा कॉक्रेन या संस्थेचा जानेवारी २०२३ चा आढावा असेल. त्यात बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या आणि लोकांना मास्क वापरायला लावण्याच्या मोहिमांनी फारसा फरक पडल्याचं दिसलं नाही. पण त्या चाचण्यांत अनेकांनी मास्क नीट लावलाच नव्हता. लोकांनी त्याचा अर्थ 'मास्क निकामी' असा काढला, तेव्हा मार्च २०२३ मध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी तो अर्थ चुकीचा असल्याचं जाहीर केलं. पुराव्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मेव्हण्याला हा दुसरा भागही वाचून दाखवा.

आणि एक अभ्यास मुद्दाम सांगते, कारण तो आपल्यासारख्याच खेड्यांत झाला. बांगलादेशात सुमारे ६०० गावं, ३ लाख ४० हजारांवर प्रौढ माणसं. निम्म्या गावांत मास्क घरोघरी फुकट वाटले, बाजारात आणि मशिदीत वाटले, गावातल्या मानाच्या माणसांनी आधी स्वतः लावले, आणि रस्त्यात कोणी विनामास्क दिसला तर त्याच्या हातात मास्क ठेवला. बाकीच्या गावांत १०० पैकी १३ जण नीट मास्क लावत होते, या गावांत ४२. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटले तिथं लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोरोना ११ टक्क्यांनी कमी निघाला, साठीच्या वरच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. ११ टक्के म्हणजे फार नाही, असं मेव्हणा म्हणेल. पण निम्म्याहून जास्त लोकांनी मास्क लावलेला नसताना एवढं घडलं. आणि पस्तीस टक्के म्हणजे आपल्या घराघरांतली म्हातारी माणसं आहेत हो.

पावतीबुकाशिवाय हे झालं, यावर माझा जीव अडकलाय. आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी जुन्या सुती लुगड्यांचे मास्क शिवले, दहा-पंधरा रुपयांना विकले. मजुरीच बंद असलेल्या घरात पाच माणसांना दोन-दोन म्हटले तर शे-दीडशे रुपये झाले. कित्येक घरांत एकच मास्क होता. जो बाहेर जाईल तो लावे, परत आला की खुंटीवर, मग दुसरा लावे. घामानं ओला झालेला तोच मास्क सासऱ्याच्या तोंडावरून सुनेच्या तोंडावर जाताना मी पाहिलाय. त्या घरातल्या माणसाला दंड करून काय साधणार होतं? त्याच्या हातात पाच मास्क ठेवायला हवे होते, साबणाची वडी ठेवायला हवी होती.

तरी मी सक्तीच्या सरसकट विरोधात नाही, आणि हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. माझा मास्क माझ्यापेक्षा समोरच्याला जास्त वाचवतो. दवाखान्यात डायलिसिसला आलेला माणूस, बाळंतीण, बसमध्ये शेजारी बसलेला दमेकरी, यांना तुमच्या मर्जीवर सोडता येत नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्क ऐच्छिक झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. पण माझ्या यादीतल्या क्षयरोग्यांचा चेहरा उतरला. आधी खोकल्यासाठी तोंड बांधलं की लोक विचारायचे, "टीबी हाय का?" त्या दोन वर्षांत सगळेच मास्कमध्ये, म्हणून तेही किराणा दुकानात चारचौघांसारखे उभे राहिले. सक्ती उठली आणि ते पुन्हा एकटे उघडे पडले. दंडाच्या भांडणात त्यांची आठवण कोणी काढत नाही.

तेव्हा ग्रामसभेत पुन्हा विषय निघाला तर असं मांडा : साथ जाहीर झाली की दवाखाना, एसटी, रेशन दुकान, बँक आणि लग्न-तेरवीचं बंद सभागृह इथं मास्क लागेल, वावर, रस्ता, बंडी इथं नाही. दारातच मास्कचा डबा ठेवायचा, खर्च ग्रामपंचायतीनं करायचा. डबा रिकामा असेल त्या दिवशी दंड नाही. आणि सभा घेणाऱ्यालाही तोच नियम. मास्तर याला हो म्हणतील असं मला वाटतं. तुम्ही आधी त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. तेव्हा तीन-चार वर्षांच्या लेकरांनाही मास्क लावायला काही पालक भाग पाडत. ते योग्य होतं का?

उत्तर : नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं की पाच वर्षांखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको, आणि आपल्या केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही जून २०२१ मध्ये तेच सांगितलं. एवढी लेकरं मास्क चावतात, शेंबडानं भिजवतात, एकमेकांशी अदलाबदल करतात. लिंबाच्या झाडाखाली अंगणवाडी भरवा, आणि ताप असलेल्या लेकराला त्या दिवशी घरी ठेवायला आईला समजावा.

प्रश्न : ताई, कोरोनाचे निळे मास्क घरात खूप उरलेत. कपाशीच्या फवारणीला तेच लावले तर चालतील का? दोन-दोन लावतो म्हणजे झालं.

उत्तर : चालणार नाहीत. दोन नाही, चार लावले तरी नाही. निळा मास्क थेंब आणि काही बारीक कण अडवतो. कीटकनाशकाची वाफ त्यातून सरळ आत जाते. एन-९५ सुद्धा कणांसाठी आहे, वाफेसाठी नाही. आणि फवाऱ्यानं मास्क ओला झाला की औषधात भिजलेली चिंधी नाकातोंडावर बांधून फिरल्यासारखं होतं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यांच्यातल्या कित्येकांच्या तोंडाला दुपट्टा बांधलेला असणार, कारण आपल्याकडे तीच रीत आहे.

फवारणीला वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या बसवलेला मास्क लागतो. कृषी सेवा केंद्रात 'सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क' असं सांगून मागा. डबीची मुदत पाहून घ्या, औषधाचा वास आत येऊ लागला की डबी लगेच बदला. सोबत चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. वारा पाठीकडून घ्या, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर त्या तासात शिरू नका, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. मजूर लावला असाल तर मास्क तुम्ही घेऊन द्या. त्याच्या रोजीतून कापू नका.

डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, तोंडाला लाळ, छाती भरून येणं यातलं काहीही झालं तर पंप तिथंच उतरवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत न्या. कोणतं औषध अंगात गेलं त्यावर उपचार ठरतो, आणि लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरांचे हात बांधलेले राहतात.