ठासणीच्या बंदुकीसाठी पिशवी शिवायची आहे? आधी लॉकचं चामडं करा

जानेवारीतली भुरभुर, हरीण चाळीस पावलांवर, तुम्ही चाप ओढला, ठिणग्याही पडल्या आणि बार उडालाच नाही. वाचताना पोटात कालवलं, कारण माझा पहिला हंगाम असाच गेला होता. तुम्ही विचारलंय की पुढच्या हंगामासाठी गोळ्या-सामानाची खांद्यावरची पिशवी तयार घ्यावी की स्वतः शिवावी. स्वतःच शिवा. पण तुमचं हरीण गेलं ते ओल्या रंजकामुळे, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूमुळे, म्हणून पिशवीच्या आधी चामड्याचे दोन छोटे तुकडे करायला घ्या.

अमेरिकेतल्या आपल्या पेनसिल्व्हेनियात १९७४ साली सुरू झालेल्या या नाताळनंतरच्या हंगामात ठासणीची बंदूक चकमकीचीच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी लागते, केपाची (ठोका बसून पेटणाऱ्या टोपीची) चालत नाही. म्हणजे ऐन थंडीत, बर्फात आणि पावसात पेल्यातलं, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतलं, चिमूटभर रंजक उघड्यावर सांभाळायचं. जुन्या लोकांनी हे चामड्यानेच साधलं.

पहिला तुकडा चकमकीचा. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात दगड नुसता आवळला तर तो सटकतो, नाहीतर कडेने फुटतो. दीड मिलिमीटर जाडीचं चामडं दगडाच्या रुंदीचं कापा, मधोमध दुमडा आणि दुमडीवर स्क्रूपुरती खाच ठेवा, म्हणजे दगड मागे स्क्रूला टेकून बसतो. दगडाची धार समोरच्या, पेला झाकणाऱ्या पोलादी पात्याला समांतर हवी. नवं चामडं दबतं, त्यामुळे पाचसहा ठिणग्या पाडल्यावर स्क्रू पुन्हा आवळा. हे बरेच जण विसरतात आणि दोष दगडाला देतात.

दुसरा तुकडा लॉक, म्हणजे घोडा, पातं आणि पेला मिळून झालेली ठिणगीची यंत्रणा, झाकण्याचा. इकडे त्याला ‘काऊज नी’ म्हणतात, म्हणजे गाईचा गुडघा. गुडघ्यावरचं कातडं मुळातच बाकदार, ते लॉकवर नेमकं बसायचं. गाईचं नको असेल तर म्हशीचं किंवा शेळीचं घ्या, काम तेवढंच चांगलं होतं. मी पहिल्यांदा हौसेने हरणाच्या मऊ कातड्याचं केलं. तासाभरात ते पाणी पिऊन फुगलं आणि आतलं रंजक काळ्या चिखलासारखं झालं.

चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलंच हवं. क्रोमने कमावलेलं मऊ असतं, पण ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. आपल्याकडे कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, इथे पूर्वी हेमलॉकच्या सालीत कमावत. गुण तोच. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, पातं मिटा, घोडा उतरवा आणि सगळ्या लॉकवर स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर रात्रीत गंज चढेल. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. मग अंगठ्याने घोड्याभोवती, पात्याच्या पाठीवर दाबत जा. खाली स्क्रूचा उंचवटा बोटाला लागला की समजा बसलं. सुती पट्टीने बांधून दिवसभर वाळू द्या, चुलीजवळ नको, कडक होऊन तडकतं. वाळल्यावर मधमाश्यांचं मेण आणि चरबी एकत्र वितळवून दोन्ही बाजूंनी चोळा. हे आवरण लॉकवर वादीने बांधा आणि गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल. घरी आल्यावर मात्र काढून ठेवा, चामड्यातल्या आम्लाने पोलाद डागाळतं.

एवढं करूनही दमट दिवशी मी दर अर्ध्या तासाने पेला पुसून रंजक बदलतो. जळलेल्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते, तेव्हा आधी बार काढला असेल तर जास्तच जपा.

आता पिशवी. लहान ठेवा, साधारण सात बाय आठ इंच. मोठी केली की आपण ती भरत सुटतो आणि थरथरत्या हाताला गोळी सापडत नाही. पन्नास कॅलिबरची गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, दहा पुरे. कापड लावून फळीत बसवलेल्या तीनचार गोळ्या, जादा चकमक, स्क्रू फिरवायचं पातं, पुसायला थोडा ताग. कान (पेल्यातून नळीत आग नेणारं भोक) साफ करायची सुई आणि पेल्याचा ब्रश पट्ट्याला टांगा, दारूचं माप शिंगाच्या (दारू ठेवायच्या शिंगाच्या) दोरीला. शिंगातून थेट नळीत दारू कधीच ओतायची नाही. आत धुमसती ठिणगी राहिली असेल तर शिंग हातात फुटेल.

सव्वा ते दीड मिलिमीटरचं चामडं उलट्या बाजूने शिवा, दोन थरांमध्ये अरुंद पट्टी घाला, मग भिजवून सुलट करा. तागाच्या दोऱ्याला मेण, दोन सुया, आरीने इंचाला सात टाके. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. लहानपणी गावातल्या चर्मकार काकांकडे चप्पल शिवायला दिली की ते आधी दोरा मेणावरून तीनदा ओढायचे. तेव्हा वाटायचं सवय असेल. पहिल्या पिशवीत मी मेण लावलं नाही आणि दुसऱ्या हंगामात तळ उसवला. पट्टा आखूड ठेवा, पिशवी बरगडीला लागून राहिली पाहिजे. कमरेशी लोंबली तर वाकलात की पुढे येते.

काळा रंग हवा असेल तर लोखंडी खिळे दोन आठवडे व्हिनेगरमध्ये ठेवा आणि ते पाणी चामड्यावर फिरवा. डोळ्यांसमोर काळं होतं. हिरडा आणि हिराकसाची शाई होते ना, तोच प्रकार. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून पुसा, मग तेल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण शिवणीचं सगळं तुम्हालाही उपयोगी पडेल.

आणि बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच पेल्याला हात लावा. तुमच्या लॉकची लांबी आणि उतरलेल्या घोड्याची उंची कळवा, आवरणाचा कागदी नमुना काढून पाठवतो.