टीव्हीसाठी काढलेले आपत्तीपट इतके फालतू का वाटतात? त्यांत चांगलं काही असतं का?

मी निपाणीत पंधरा वर्षं केबलचा धंदा केला. त्यामुळं असले सिनेमे आवडीनं कमी आणि पोटासाठी जास्त बघितलेत. आमचा एक लोकल चॅनेल होता, दुपारी दोनला आणि रात्री नऊला सिनेमा. नवीन काही हाताशी नसलं की हिंदीत डब केलेला भूकंप, वादळ, ज्वालामुखी, जे सापडेल ते लावून द्यायचं. लोक बघायचेच. घरात कन्नड बोलोत नाहीतर मराठी, इमारत पडलेली सगळ्यांना कळते.

त्यात एक भानगड व्हायची. सिनेमा रंगात आलाय, बाई दरीच्या कडेला लोंबकळतेय, आणि पडदा एकदम काळा. दोन-तीन सेकंद काहीच नाही. लगेच फोन: "केबल गेली काय ओ?" मी काही बोलेपर्यंत बाई परत तिथंच लोंबकळत असायची. एका सिनेमात असं सहा-सात वेळा. मला बरेच दिवस वाटायचं सीडीच खराब आहे. मग उलगडा झाला की तिकडं त्या काळ्या जागेत जाहिराती होत्या. अमेरिकेत टीव्हीवर दोन तासांची जागा मिळाली तर त्यात सिनेमा जेमतेम दीड तासाचा, उरलेला वेळ जाहिरातींचा.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या काळ्या जागेत आहे. थिएटरात माणूस तिकिटाचे पैसे मोजून बसलेला असतो, लगेच उठून जात नाही. घरात मात्र रिमोट हातात. म्हणून दर बारा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी लोंबकळायलाच पाहिजे. पूर आणि भूकंप काही हप्त्याहप्त्यानं येत नाहीत, पण इथं त्यांना यावं लागतं. मधल्या वेळात भरताड म्हणून कोण असतं ते तुम्हालाही पाठ असेल: कुणी ऐकत नाही असा शास्त्रज्ञ, त्याची सोडून गेलेली बायको, आणि जिथं आपत्ती येणार नेमकी त्याच गावाला सहलीला गेलेली मुलगी. वर पैशाची चणचण. कॅमेरा हलवायचा, फळीवरच्या बाटल्या पाडायच्या, आणि धरण फुटल्याचं चित्र दुसरीकडनं आणून चिकटवायचं.

अमेरिकेतल्या एनबीसी चॅनेलनं 2004 साली '10.5' नावाची दोन भागांची मालिका काढली होती, तिचंच बघा. नाव म्हणजे भूकंपाची तीव्रता. सुरुवातीलाच सिएटलचा उंच मनोरा पडतो आणि एक सायकलवाला त्याच्या पुढं पळतो. मग जमिनीची भेग रुळावरनं रेल्वेचा पाठलाग करते. ती भेग सांधायला अणुबॉम्ब लावतात, आणि शेवटी कॅलिफोर्नियाचा तुकडा सुटून बेट होतो. आता खरं काय? आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप 1960 चा चिलीतला, 9.5 चा. एक आकडा वाढला की ऊर्जा साधारण 32 पट होते. भूकंप किती मोठा होणार हे भेग किती लांब आणि किती सरकते त्यावर असतं, आणि 10.5 ला पुरेल एवढी लांब भेग पृथ्वीवर नाही. कॅलिफोर्नियातल्या त्या प्रसिद्ध सॅन अँड्रियास भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात, त्यामुळं तुकडा समुद्रात जायचा प्रश्नच येत नाही.

पण मला विज्ञानापेक्षा हा आकड्याचा हव्यास खटकतो. आमच्याकडची म्हातारी माणसं 1967 च्या कोयनेच्या भूकंपाचं अजून सांगतात. किल्लारीचा 1993 चा भूकंप तर 6.2 चाच होता, आणि हजारोंनी माणसं गेली. ती आकड्यानं गेली नाहीत, पहाटे चारच्या सुमाराला झोपेत डोक्यावर आलेल्या दगड-मातीच्या भिंतींनी गेली. हे दाखवायला फार पैसे लागत नाहीत, पण लोंबकळायला जागा नाही ना त्यात.

(चक्रीवादळातनं शार्क मासे उडत येतात तो 2013 चा 'शार्कनेडो' मी यात धरत नाही. ती जत्रेतली चेष्टा आहे, आणि चेष्टा म्हणून फर्मास आहे.)

आता चांगलं काय ते. बीबीसीनं 1984 मधे 'थ्रेड्स' काढला, इंग्लंडातल्या शेफील्ड शहरावर अणुबॉम्ब पडतो त्याचा. अणुयुद्ध आपत्तीपटात बसतं का म्हणून कुणी भांडेल, भांडू दे. त्यात एक तरुण जोडपं घर लावत असतं आणि मागं बातम्या चालू. सुरुवातीला त्यांचं तिकडं लक्षही नाही. पुढं नगरपालिकेच्या इमारतीखालच्या तळघरात अधिकारी अडकतात, वर ढिगारा. एक खोली, टेबल, फोन, एकमेकांवर खेकसणारी माणसं. स्वस्तातलं काम, पण मी ते एका बैठकीत बघू शकलो नाही. बीबीसीवर जाहिराती नसतात हे इथं कामाला आलं. आदल्या वर्षी अमेरिकेत एबीसी चॅनेलनं अणुयुद्धाचाच 'द डे आफ्टर' दाखवला, सुमारे दहा कोटी लोकांनी बघितला. त्यात बॉम्ब पडल्यानंतर शेवटपर्यंत एकही जाहिरात नव्हती. काळी जागा काढून टाकली की टीव्ही काय करू शकतो बघा. 'थ्रेड्स'चा दिग्दर्शक मिक जॅक्सन. त्यानंच 1997 मधे मोठ्या पडद्यावर भरपूर पैसे ओतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यात लाव्हा सोडला. तो सिनेमा आमच्या चॅनेलवर चांगला चालला, पण मला त्यातलं एक माणूस आठवत नाही.

खोलीत बसून वाट बघणं, हेच टीव्हीला सिनेमापेक्षा बरं जमतं. ऑगस्ट 2019 ला वेदगंगेनं ते आम्हाला शिकवलं. यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं, पुणे-बंगळूर रस्ता बंद, ट्रकांची रांग. त्या रात्री मी नदीकाठी मावशीच्या घरी होतो. सिनेमातल्यासारखी पाण्याची भिंत वगैरे काही येत नाही. काका दर अर्ध्या तासाला बॅटरी घेऊन दारात जायचे आणि सांगायचे, "तीन पायऱ्या राहिल्यात." मग "अडीच." लाईट गेलेली. भोंग्यावर आधी कन्नडात, मग मराठीत, घरं सोडा म्हणून. जो तो फोनवर विचारतोय, पाटगावचं धरण भरलं काय? पहाटे "एक" झाली तेव्हा उठलो. तोवर नुसतं मोजणंच चालू होतं. हे जर कुणी दीड तास दाखवलं, तर रिमोटला हात जाणार नाही.

पुढच्या वर्षी मावशीनं टीव्हीवर असाच एक डब केलेला पुराचा सिनेमा पूर्ण बघितला. पूल वाहून गेले, गाड्या तरंगल्या, हिरोनं छपरावरनं कुत्रं वाचवलं. मावशी शांतपणे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "कुत्रं घेतलं ते बरं केलं. पण ह्यांची म्हसरं कुठं हुती रं?"