मुंबई ते लंडन: अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास, येताना त्याहून तासभर कमी धरा.

ताशी 900 किलोमीटरने हिशेब केला तर आठच तास येतात, पण तो कागदावरच. ही सरळ वाट इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे वळसा ठरलेलाच. त्यात वरच्या थरातले पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. तासाभराचा फरक पडतो तो यामुळेच.

तिकिटावरच्या वेळा मात्र नीट वाचा, त्या त्या-त्या शहराच्या असतात. दुपारी 1 ला मुंबईहून निघालेलं विमान दहा तासांनी पोहोचलं, तर लंडनच्या घड्याळात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतील. मुलांना शिकायला पाठवणाऱ्या आईवडिलांनी तिथे घ्यायला येणाऱ्यांना हीच स्थानिक वेळ कळवावी, आणि सामान हातात येईपर्यंतचा तास-दीड तास वेगळा धरावा.