अकरा कला आणि काडेपेटीचा जबडा

पालकांचं पत्र, थोडक्यात:

“सर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा यंदा आठवीत जाईल. गेल्या मे महिन्यात त्याला उन्हाळी शिबिराला घातलं होतं. बारा दिवसांत अकरा गोष्टी: मातीकाम, वारली, ओरिगामी, कळसूत्री बाहुल्या, नाटक, तबला, गॅसशिवायचा स्वयंपाक, असं बरंच काही. घरी आलं ते सगळं अर्धवट. यंदा परत जायचं म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशाची आतापासून तयारी घेणाऱ्या क्लासला घालू. एकही गोष्ट धड पुरी करत नाही, पुढं काय होणार? आणि यातली कुठली कला त्याला करिअर म्हणून जमेल? ता. क. बाहुलीचा जबडा मात्र महिनाभर दुरुस्त करत बसला होता.”

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ता. क.मध्ये ढकललीत. म्हणून तर परवा फोनवर मी त्या जबड्याचंच विचारत बसलो. काडेपेटीचा जबडा, रबरानं मिटणारा. चार दिवसांत रबर सैल पडलं. मग त्यानं जुन्या चड्डीचं इलॅस्टिक लावलं, ते फार ताठ निघालं. शेवटी पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, बारीक पट्टी कापली, आणि जबडा मिटायला लागला. तोवर शिबिर संपून तीन आठवडे झाले होते. बाहुलीला अजून केस नाहीत, साडी नाही, म्हणून तुमच्या लेखी ती अर्धवट. त्याच्या लेखी काम झालंय. त्याला जबडाच करायचा होता.

उरलेल्या दहा गोष्टी त्यानं सोडल्या याचं वाईट वाटून घेऊ नका. पंगतीत सगळंच थोडं थोडं वाढतात. पोरगं दुसऱ्यांदा काय मागून घेतं तेवढं आईनं बघायचं असतं. तबला नाही मागितला, नाही तर नाही.

अर्धवट वस्तूंबद्दल एक सांगतो. अशा शिबिरांच्या समारोपाला मला बोलावतात. एकदा टेबलावर तीसेक मातीचे गणपती मांडले होते आणि सगळ्यांच्या सोंडेचं वळण हुबेहूब एक. आदल्या रात्री शिबिराच्या बाईंनी बसून फिरवलेलं, दुसरं काय. पालक कौतुकानं फोटो काढत होते. तुमच्या घरी ओबडधोबड, अर्धवट वस्तू आल्या, म्हणजे निदान त्या पोराच्या हातच्या तरी आहेत.

तरी यंदा त्याच शिबिराला पुन्हा पाठवू नका. अकरा चवी घेऊन झाल्या. सुतारकाम, बाहुल्या, खेळणी, सायकलदुरुस्ती, यांतलं एकच काही दहा-बारा दिवस चालेल असं शोधा. चौकशी करताना प्रमाणपत्राचं विचारू नका. एका शिक्षकामागं किती मुलं, खऱ्या करवतीला हात लावू देतात का, आणि मोडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत करू देतात का, एवढं विचारा. शिबिर नाहीच मिळालं तर ओळखीच्या सुताराकडं सकाळचे दोन तास बसवा. त्यात कमीपणा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडं शिकावं असं म्हटलंय.

आणि एका रविवारी बाबांनी त्याला मिरजेला न्यावं. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत, आधी विचारून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे माळ्यावर टांगलेले असतात, त्यांतून एकेक निवडून कापतात. बघण्यासारखं काम मात्र जवारीचं, म्हणजे सूर खुलवण्याचं. तारांखालची घोडी किंचित घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायची. तास जातो, दोन जातात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडेकशे वर्षांपूर्वी हा धंदा धरला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या मुलाचा जबडा आणि ही जवारी एकाच जातीची कामं आहेत. ते बाबांना कार्यशाळेत उभं राहिल्यावर कळेल, माझ्या पत्रानं नाही.

आता करिअर. तेराव्या वर्षी मी कुणाच्याच कपाळावर शिक्का मारत नाही. आठवीत त्याला शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीला बसवा. तिथं नुसती चित्रं नसतात, भूमिती आणि अक्षरलेखनाचाही पेपर असतो, आणि तो याला आवडेल असा माझा अंदाज आहे. मग इंटरमिजिएट. त्यात ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात, बीला ५, सीला ३. बारावीच्या वर्षी डिझाइनच्या पदवीसाठी अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, किंवा आयआयटी मुंबई घेते ती यूसीड नावाची प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. एनआयडीच्या दुसऱ्या फेरीत समोर सामान ठेवतात आणि हातानं वस्तू करून दाखवायला सांगतात. ही नावं तुम्ही लक्षात ठेवा. त्याच्यासमोर आत्ता काढू नका, नाहीतर जबड्याचाही क्लास होईल.

बाबांचं सगळंच चुकतंय असं नाही. गणित कच्चं राहिलं तर आर्किटेक्चर काय आणि मेकॅनिकल काय, दोन्हीकडं अडेल. पण तुम्ही त्याचे गणिताचे मार्क कळवलेच नाहीत. बरे असतील तर मे महिना त्याचा त्याला द्या. कच्चे असतील तर फाउंडेशनच्या क्लासनं ते पक्के होणार नाहीत. सातवीचंच पुस्तक काढून अपूर्णांक आणि प्रमाण घरी बाबांनी रोज अर्धा तास घ्यावं.

क्लासची फी वाचेल त्यातून एक बारीक करवत, एक हातानं फिरवायचं ड्रिल आणि कानस घेऊन द्या. गॅलरीचा एक कोपराही द्या, जिथला पसारा रात्री उचलायची सक्ती नसेल.