ऋण वेळ आली म्हणून सायन्स सोडायचं?

म्हापशाच्या एका आई अकरावीतल्या मुलीला समुपदेशनासाठी घेऊन आल्या होत्या. "वर्गसमीकरणाचं सूत्र आमच्या बायला तोंडपाठ आहे, पण फिजिक्सच्या पेपरात त्याच सूत्राने उत्तर चुकतं. कॉमर्सला घालू का?" पहिली परीक्षा झाली की हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी गुणांआधी वही बघावी.

वहीतलं गणित असं: १० मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर कधी पडेल? मांडणी अगदी बरोबर होती. उंची = १० + १५क्ष − ४.९क्ष², इथे क्ष म्हणजे सेकंद आणि ४.९ हे गुरुत्वीय त्वरणाचं निम्मं. जमिनीवर उंची शून्य, म्हणून ४.९क्ष² − १५क्ष − १० = ०.

पुढे सूत्रातल्या वर्गमुळाखालच्या संख्येची, म्हणजे विवेचकाची (ब² − ४अक; इथे अ = ४.९, ब = −१५, क = −१०), एक खोडलेली ओळ होती: २२५ + १९६ = ४२१. तीच बरोबर होती! तिथून ३.६२ आणि −०.५६ अशी उत्तरं आली, आणि ऋण वेळ बघून मुलगी बिचकली. आपलंच चुकलं असं समजून तिने अधिकाचं वजा केलं. २२५ − १९६ = २९, आणि उत्तरं ०.९८ व २.०८ सेकंद. दोन्ही धन, म्हणून बरोबर वाटली.

तिला ०.९८ मूळ सूत्रात घालून बघायला सांगितलं. उंची शून्य नाही, जवळजवळ २० मीटर आली. चेंडू वर जाताना आणि खाली येताना २० मीटरवर कधी असतो, त्याच्या या वेळा होत्या.

मग −०.५६ चं काय? चेंडू ०.५६ सेकंद आधी जमिनीवरून निघाला असता, तर गच्चीपाशी याच वेगाने पोचला असता. गणितात तो गच्चीवरूनच सुटतो, म्हणून ही वेळ सोडायची. चूक म्हणून खोडायची नाही. शिवाय ४२१ चं वर्गमूळ, २०.५२, हाच जमिनीवर आदळतानाचा वेग. हे कळल्यावर तिने स्वतःहून २५ मीटरसाठी करून पाहिलं. विवेचक −६९ आला. चेंडू तिथवर पोचतच नाही, तो २१.४८ मीटरवरून परततो.

आईंना सांगितलं, शाखा इतक्यात बदलू नका. अ, ब, क चिन्हांसकट आधी लिहायचे, कॅल्क्युलेटरवर सूत्राच्या अंशातली बेरीज कंसात घ्यायची (नाहीतर ३.६२ ऐवजी १७.०९ येतं) आणि उत्तर मूळ सूत्रात घालून बघायचं, एवढं महिनाभर करू दे. शब्दांवरून समीकरण मांडणंच जमत नसेल, तर ती अडचण वेगळी. तेव्हा फिजिक्सच्या शिक्षकांना भेटा.