हजार रुपयांत मोकळं व्हायचं की केस लढायची?

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. माझा मुलगा २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. गेल्या सप्टेंबरात मित्रांबरोबर कासला फुलं बघायला गेला होता. येताना यवतेश्वर घाटात वळणावर खडीवरून त्याची गाडी घसरली आणि समोरच्या स्कूटीला धडकली. स्कूटीवरच्या गृहस्थांच्या हाताला टाके पडले. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, त्यांची काही तक्रार नाही. तरी पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि आता सातारा कोर्टाचं समन्स आलंय. कोर्टाबाहेर भेटलेले एकजण म्हणाले, 'पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड, अर्ध्या तासात मोकळे.' शिवाय गाडीवर हेल्मेट नसल्याचं आणि ट्रिपल सीटचं अशी दोन ऑनलाइन चलनं आहेत. काय करावं?

उत्तर : पहिल्याच तारखेला कबुली देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगतो, कारण कोर्टाबाहेर भेटलेल्या त्या माणसाचा सल्ला ऐकायला फार गोड आहे.

'दंड भरला' असं आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो. चलनावर भरता ते तडजोड शुल्क. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ते भरलं की त्या बाबतीत पुढची कारवाई थांबते, मुलाला कुणी दोषी ठरवत नाही. तेव्हा चलनावरचे फोटो एकदा नीट बघा, गाडी आपलीच आहे ना ते पाहा आणि दोन्ही भरून टाका. हेल्मेट आणि ट्रिपल सीट, दोन्ही कलमांत तीन महिने लायसन जाण्याचीही तरतूद आहे, एवढं त्याच्या कानावर घाला. चलनांचा विषय इथे संपला.

समन्सवरच्या केसमध्ये कबुली देऊन भरायचा दंड मात्र शिक्षा असते. रक्कम पाचशे असो की पाच हजार, त्याच्या आधी कागदावर 'आरोपीस दोषी ठरवण्यात येते' हे वाक्य येतं.

हे घडतं किती पटकन, तेही सांगतो. त्या दिवसाच्या यादीत, म्हणजे बोर्डावर, तीस-चाळीस केसेस असतात. नावाचा पुकारा होतो, पोरगं घाबरून पिंजऱ्यात उभं राहतं. न्यायाधीश आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, 'गुन्हा कबूल आहे का?' बाहेर कुणीतरी पढवलेलं असतं, म्हणून ते मान डोलावतं. छापील कागदावर सही होते, पैसे भरून पावती मिळते. बाप पावतीची घडी खिशात घालतो, दोघं चहा पिऊन गावाकडच्या एसटीत बसतात. वर्षा-दोन वर्षांनी भरतीसाठी साक्षांकन नमुना (स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देण्याचा फॉर्म) भरताना 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' या रकान्यापाशी पेन थांबतं, आणि तेव्हा ते माझ्याकडे येतात. त्या वेळी माझ्या हातात फारसं काही नसतं. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही एवढ्यापुरतं. 'मी दोषी नव्हतोच' असं तिथे म्हणता येत नाही.

आता तुमची केस. समन्सवर बहुधा भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५(अ), आणि मोटार वाहन कायद्याचं १८४ असेल. म्हणजे अनुक्रमे बेदरकारपणे गाडी चालवणं (जुन्या भारतीय दंड संहितेतलं २७९), त्यातून दुखापत, आणि धोकादायक रीतीने गाडी चालवणं. तिन्ही जामीनपात्र. पण दोषारोपपत्राची नक्कल हातात आल्यावर (ती फुकट मिळते) आधी वैद्यकीय दाखल्याचं पान काढा. फक्त टाके असतील तर साधी दुखापत. हाड मोडल्याचं लिहिलं असेल तर ती गंभीर दुखापत ठरते, कलम १२५(ब) लागतं आणि शिक्षा सहा महिन्यांवरून तीन वर्षांपर्यंत जाते.

'त्यांची तक्रार नाही, मग केस का?' असं तुम्ही मनात म्हणत असाल. बेदरकार चालवण्याचा गुन्हा सरकारविरुद्धचा मानतात, त्यामुळे जखमीने फिर्याद दिलीच पाहिजे असं नाही. दवाखान्यातून खबर गेली की पोलीस नोंद करतात. आपसातली तडजोडही म्हणूनच अर्धवट ठरते. दुखापतीचं कलम जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीने मिटवू शकतो, २८१ त्याला मिटवता येत नाही. लोकअदालतीत जाऊन मिटवा असं कुणी सुचवलं, तर तिथे नक्की कशावर सही करायला सांगतात ते वाचा. लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ केसेस कबुलीवरही निकाली काढतात, आणि ती कबुली पुन्हा कबुलीच.

दोन वाटा उरतात. त्या गृहस्थांची खरोखर हरकत नसेल तर त्यांच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. पूर्वी यासाठी मुंबईच्या खेपा व्हायच्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात आहे, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. खर्च होईल आणि रद्द करायचं की नाही हे न्यायालयच ठरवील, पण मुलाचं वय आणि भरती बघता मी आधी याच वाटेचा विचार करीन.

दुसरी वाट म्हणजे इथेच केस चालवायची. अपघात झाला एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही, बेदरकारपणा सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. नुसता 'वेग जास्त होता' असा जबाब त्याला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला शब्द 'खडी' आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात तिचा उल्लेख आहे का? मोबाइलवर त्या दिवशीचे फोटो असतील तर ते जपून ठेवा, मूळ फोनसकट. आणि एक विनंती, त्या गृहस्थांना 'असं सांगा, तसं सांगू नका' म्हणायला जाऊ नका. ते जे खरं आहे तेच सांगू देत.

समजा शिक्षा झालीच, तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. तसं सोडलं तर दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही, कलम १२ तेच सांगतं. भरती करणारं खातं त्यावर पुन्हा स्वतःचा विचार करू शकतं, म्हणून ही शेवटची वाट समजा.

आणि साक्षांकन नमुन्यात केस लपवू नका, काहीही झालं तरी. गावात कुणीतरी 'कुठे कळतंय' म्हणेल. चारित्र्य पडताळणीचा कागद शेवटी पोलीस ठाण्यातच जातो, आणि गुन्ह्याची नोंदही तिथलीच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की क्षुल्लक प्रकरणाकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, पण माहिती दडवणं हे नोकरी नाकारायला स्वतंत्र कारण ठरू शकतं. प्रलंबित केस खरी लिहिलेल्या पोराची बाजू मांडता येते.

तारखेला वेळेवर हजर राहा, गैरहजेरीत वॉरंट निघतं. लायसन, आरसी, अपघाताच्या दिवशी चालू असलेला विमा, समन्स आणि आधार कार्ड बरोबर घ्या. एक जामीनदार त्याच्या सातबाऱ्यासह तयार ठेवा, लागला तर धावपळ नको. वकिलाची फी जड जात असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, वकील मोफत मिळतो. प्रश्न विचारला की मुलाने मान डोलवायची नाही. 'गुन्हा कबूल नाही' असं मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं म्हणायचं आणि पुढची तारीख लिहून घ्यायची.