भारतातही चीनसारखी क्रांती झाली असती तर आज आपण पुढे असतो का?

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं असं की १९४९ ला चीनमध्ये माओच्या कम्युनिस्टांनी क्रांती केली, एका पक्षाची कडक सत्ता आली म्हणून चीन आज एवढा पुढे गेला, मग आपल्याकडेही तसंच व्हायला हवं होतं का. माझं उत्तर नाही. सपशेल नाही. आणि हा प्रश्न मला नवा नाही, माझे सख्खे मामा गेली पंधरा वर्षं मला हेच ऐकवतात, फक्त ते विचारत नाहीत, निकाल देऊन मोकळे होतात: "या देशाला एक माओ पाहिजे, दोन वर्षांत सगळे सुतासारखे सरळ होतील." त्यामुळे उत्तर लांबेल, चालवून घ्या.

मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. २००९ पासून कोरोना येईपर्यंत वर्षातून दोन-तीनदा चीनला जाणं व्हायचं, शाओशिंगजवळ केचियाओला कापडाचं अवाढव्य मार्केट आहे तिथे. तिथे दुभाषी म्हणून एक मुलगी माझ्याबरोबर काम करायची, मूळची हेनान प्रांतातली. २०१२ ला त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत मार्केट बंद, माझा माल अडकलेला, परतीचं तिकीट दहा दिवसांनंतरचं, तेव्हा ती म्हणाली हॉटेलात एकटे बसून काय करणार, आमच्या गावाला चला. गेलो. तिचं गाव शिनयांग जिल्ह्यात, हेनानच्या अगदी दक्षिणेला. मला वाटलं होतं कोरडा मुलूख असेल, पण तिथे भातखाचरं, जिकडेतिकडे तळी, डोंगरावर चहाचे मळे. माझं आजोळ माण तालुक्यात म्हसवडकडे आहे, तिथलं माणूस हे पाणी बघून हरखून जाईल.

घरात तिचे आजोबा होते, पासष्ट-सहासष्टचे. स्वयंपाकघरात चुलीवर एक मोठी लोखंडी कढई होती आणि दुसरी तशीच भिंतीला टांगलेली, तेल लावून पुसून ठेवलेली, वापरात नसलेली. मी सहज विचारलं ही कशासाठी. ती म्हणाली आजोबा घरात एकच कढई कधीच ठेवू देत नाहीत. मग म्हातारबांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, आणि पोरगी भाषांतर करता करता मध्येच थांबायला लागली, कारण त्यातलं बरंचसं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

१९५८ ला माओने महाझेप जाहीर केली, म्हणजे शेती आणि पोलाद एका उडीत वाढवायची मोहीम. पोलादात पंधरा वर्षांत ब्रिटनला मागे टाकायचं म्हणून गावोगाव मातीच्या भट्ट्या, आणि त्या भट्ट्यांत घातल्या लोकांच्या घरातल्या कढया, झारे, दाराच्या कड्या. घरी कढईची गरजच काय, सगळ्यांनी कम्यूनच्या, म्हणजे अनेक गावं मिळून केलेल्या सामुदायिक वसाहतीच्या खानावळीत जेवायचं. चीनमधला पहिला कम्यून याच शिनयांग जिल्ह्यात निघाला, त्याला नाव दिलं स्पुटनिक, रशियाच्या पहिल्या उपग्रहाचं. मग प्रत्येक कम्यूनचा पुढारी वरच्याला खूश करायला पिकाचे आकडे फुगवायला लागला, त्याला लोक "उपग्रह सोडणं" म्हणायचे. आता आकडा फुगला की लेव्हीही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, त्या फुगलेल्या आकड्यावरच लागणार ना. १९५९ च्या सुगीला सरकारने लेव्ही वसूल केली आणि खाली काही उरलंच नाही. गावकरी म्हणाले धान्य नाही, तर उत्तर मिळालं की तुम्ही लपवलंय. लपवलेलं धान्य शोधायची मोहीमच निघाली, लोकांना टांगून मारलं. खानावळी बंद पडल्या. घरात कढई नाही. कुणाच्या धुराड्यातून धूर दिसला की मिलिशियावाले येऊन दार ठोठवायचे. रस्त्यांवर पहारे, जिल्ह्याबाहेर भीक मागायलाही जायचं नाही. नातेवाइकांना, पेकिंगला लिहिलेली पत्रं पोस्टातच अडवून ठेवली. आणि त्याच जिल्ह्यातल्या सरकारी कोठारांत धान्य होतं.

म्हातारबा तेव्हा तेरा वर्षांचे. आधी दोन बहिणी गेल्या, मग वडील, मग आई.

वडिलांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते या प्रश्नाचं खरं उत्तर आहे असं मला वाटतं. १९४७ ला, क्रांतीच्या लढाईत, डेंग झियाओपिंग (माओनंतरचा चीनचा नेता) ज्या कम्युनिस्ट फौजेचा राजकीय कमिसार, म्हणजे पक्षाचा अधिकारी होता, ती फौज या भागातल्या दाब्ये डोंगरात उतरली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी तिच्यासाठी पाठीवरून धान्याची पोती वाहिली होती, जिवावर उदार होऊन. १९५१ ला जमीनवाटप झालं, घराण्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची जमीन आली, कागद आला. १९५६ ला ती जमीन सामुदायिक शेतीत गेली. १९६० ला माणूस भुकेने मेला. ज्यांच्यासाठी पोती वाहिली त्यांनीच पोतं नेलं. क्रांती चांगली की वाईट हे मला एका शब्दात सांगता येणार नाही, पण या माणसाच्या तेरा वर्षांत ती अख्खी आहे.

शिनयांगची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास, त्यातले निदान दहा लाख गेले. अख्ख्या देशाचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत, बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. आणि १९५९ या एका वर्षात चीनने चाळीस लाख टनांहून जास्त धान्य बाहेरच्या देशांना विकलं. तिकडे अजूनही या काळाला "तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ती" म्हणायची पद्धत आहे. त्या जिल्ह्यातल्या माणसाला हे शब्द ऐकवून बघा.

मग म्हातारबांनी मला विचारलं, तुमच्याकडे पडतो का दुष्काळ? मी म्हणालो पडतो म्हणजे काय, आजोळी तर दर दोन-तीन वर्षांनी. मग बहात्तरचं सांगितलं, जे मी आजीकडून लहानपणापासून ऐकलेलं. विहिरी आटल्या, दावणीची जनावरं गेली, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हातोडा बसून तिचा डाव्या हाताचा अंगठा कायमचा चेपला, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, पोरांना सुकडी मिळायची. त्यांनी विचारलं, गावात माणसं किती मेली? मी म्हणालो भुकेने? कुणी नाही. त्यांना वाटलं भाषांतर चुकलं. नातीला परत विचारायला लावलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पण सरकारला कसं कळलं?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. दुष्काळ सरकारला कळतो यात विचारण्यासारखं काय आहे! मग मी सांगत गेलो, पेपरात रोज छापून यायचं, आमदार विधानसभेत ओरडायचे, विरोधी पक्षवाले मामलेदार कचेरीवर मोर्चे न्यायचे, कामं काढा म्हणून घेराव घालायचे, मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. म्हातारबा म्हणाले, आमच्याकडे जो कळवायला जायचा त्याला मारायचे.

नंतर मी मिळेल ते वाचून काढलं आणि कळलं की हे वरपर्यंत तसंच होतं. पेंग देहुआई, संरक्षणमंत्री, कोरियाच्या युद्धात चिनी फौजांचा सेनापती, आयुष्यभर माओबरोबर राहिलेला माणूस, त्याने जुलै १९५९ ला पक्षाच्या लुशानच्या बैठकीत माओला एक खासगी पत्र लिहिलं, की महाझेपेत चुका होताहेत. माओने ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि पेंगला पदावरून काढलं. त्यानंतर कोण बोलणार? भुकेचा सगळ्यात वाईट हिवाळा त्या बैठकीनंतरचाच आहे. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची १९६२ ला सात हजार कार्यकर्त्यांसमोर म्हणाला की यात तीन हिस्से निसर्गाचे, सात हिस्से माणसाचे. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओने १९६६ ला पक्षातल्याच लोकांवर तरुणांना सोडलं तेव्हा, त्याची धिंड निघाली आणि १९६९ ला तो हेनानमध्येच, कायफेंगला कैदेत मेला, दहन खोट्या नावाने केलं.

आता मामांकडे येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी वुहानच्या दहा दिवसांत उभारलेल्या हॉस्पिटलचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, बघा, याला म्हणतात शासन. मी लिहिलं, मामा, त्याच वुहानमध्ये ली वेनल्यांग नावाच्या डॉक्टरने डिसेंबरमध्येच आपल्या बरोबरच्या डॉक्टरांना सावध केलं होतं, त्याला पोलिसांनी बोलावून अफवा पसरवतो म्हणून लिहून घेतलं आणि तो तेहतीस वर्षांचा पोरगा त्याच आजाराने गेला. एकसष्ट वर्षांनी तेच, कळवणाऱ्यालाच धरायचं. मामांनी उत्तर दिलं, "तू चीनचा माल विकून पोट भरतोस आणि त्यांनाच नावं ठेवतोस." मी चिनी माणसाला कधीच नाव ठेवलेलं नाही. ज्याने मला घरात घेतलं, जेवू घातलं, आईबापाचं मरण सांगितलं, त्याच्या बाजूनेच मी बोलत होतो. पण त्यानंतर आमचं बोलणं जवळपास बंदच झालं.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. कम्युनिस्ट जिंकले ते उगाच नाही जिंकले. त्यांच्याआधीचं च्यांग काय-शेकचं राज्य भिकारच होतं. १९३८ ला जपान्यांना अडवायला त्याच्या फौजेने पीत नदीचा बांध फोडला, त्यात लाखो आपलेच लोक मेले. १९४२-४३ ला हेनानमध्ये दुष्काळात वीस-तीस लाख गेले आणि तरी फौज धान्याचा कर वसूल करत होती. १९४४ ला जपानी चालून आले तेव्हा हेनानच्या शेतकऱ्यांनी पळणाऱ्या च्यांगच्याच सैनिकांच्या बंदुका हिसकावल्या. शेवटी शेवटी नोटांना रद्दीची किंमत राहिली नव्हती. अशा वेळी जो जमीन देतो म्हणतो त्याच्यामागे लोक जाणारच, मी असतो तर मीही गेलो असतो. पण तेव्हाही हात स्वच्छ नव्हते, १९४८ ला चांगचुन शहराला कम्युनिस्टांनी पाच महिने वेढा घातला, आत निदान लाख-दीड लाख साधी माणसं उपाशी मेली.

आणि चीन पुढे गेला तो माओ असताना नाही. माओ १९७६ ला गेला. १९७८ च्या शेवटी आन्हुई प्रांतात श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी चोरून कागदावर अंगठे उमटवले, की जमीन घरटी वाटून घेऊ, सरकारचा वाटा देऊ, उरलेलं आपलं. पकडले असते तर त्यांची पोरंबाळं उघड्यावर आली असती. पक्षाने नंतर तीच पद्धत देशभर लागू केली, म्हणजे क्रांतीने जे हिसकावलं होतं तेच परत दिल्यावर गाडी चालू लागली. हुकूमशाहीमुळेच प्रगती होत असेल तर १९४९ ते १९७८ ही एकोणतीस वर्षं काय करायची? आणि तैवान आहेच की. १९४९ ला हरून तिथे गेलेल्या च्यांगने तिथेही जुलूमच केला, १९८७ पर्यंत मार्शल लॉ होता, पण १९९६ ला लोकांनी आपला अध्यक्ष थेट मतदानाने निवडला आणि आजही तिथलं दरडोई उत्पन्न चीनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

काही गोष्टी कबूल करायला हव्यात. साक्षरता, साथींचे रोग, बायकांचं घराबाहेर पडणं, खेड्यातली साधी औषधं, यात माओचा चीन आपल्यापेक्षा चांगला होता. १९४९ ला चाळिशीच्या आत असलेलं सरासरी आयुर्मान तो गेला तेव्हा साठीच्या पुढे होतं, आपलं नव्हतं. आपल्याकडे पेपरात दुष्काळ येतो पण रोजचं कुपोषण येत नाही, मेळघाटातली पोरं मेली तरी सरकार पडत नाही. बहात्तरला माझ्या आजोळच्या गावात कुणी मेलं नाही याचा अर्थ महाराष्ट्रात सगळं ठीक होतं असा नाही, मजुरी तुटपुंजी होती, तीही आठवडे आठवडे थकायची, कितीतरी जण मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. आणि आणीबाणीत एकवीस महिने आपणही बातमी दाबून बघितली, नसबंदीचे टार्गेट वरून आले आणि खालच्याने आकडे भरले, अगदी "उपग्रह" सोडल्यासारखे. फरक एवढाच की १९७७ ला लोकांना मत देता आलं.

प्रश्न विचारणारा तरुण असावा असं वाटतं. तुमच्या घरातही बहात्तर बघितलेलं कुणीतरी असेल, त्यांना विचारा की गावात धान्य कसं आलं, कुणी मागितलं, मागणाऱ्याला पोलिसांनी धरलं का.

आणि मामा, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. बहात्तरला तुम्ही नऊ वर्षांचे होता. आजी खडी फोडत होती आणि तुम्ही कामावरच्या सुकडीच्या रांगेत ताटली घेऊन उभे होता, हे मला तुम्हीच सांगितलंय, माझ्या मुंजीच्या आदल्या रात्री. शिनयांगचे ते आजोबा त्यांच्या तेराव्या वर्षी कुठल्या रांगेत उभे राहणार होते? मला राग नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला येतोय, मुक्काम तुमच्याकडेच करेन.